बाटलीची चिमनी

आमच्या इकडे मानूस कशानं मरते असं कोनाले बी विचारा, पयले वाघाचं नाव घेईन. मंग अस्वलाचं, मंग सापाचं. वाघानं एक मानूस नेला का पेपरात फोटो येते, पुढारी येते, गावभर बोलनं होते. पन चुलीपाशी जळालेली बाई, मधासाठी झाडावर चढून खाली पडलेला मानूस, उकळत्या पेजेत हात गेलेलं लेकरू, याईचं नाव कोनी घेत नाई. मी बी घेत नव्हती. खोटं काऊन बोलू, मले त्याचं काई पडलंच नव्हतं.

माझं नाव खैरुन. गोंडपिपरीत आमचं टिनाचं दुकान आहे. माझे घरवाले खुर्शीद पेट्या बनवते, धान ठेवाच्या कोठ्या बनवते, चाळन्या, नरसाळे, अन् मातीच्या तेलावर जळनाऱ्या चिमन्या. बनवते ते, इकते मी. त्याईले इकता येत नाई. गिऱ्हाईकानं विचारलं, "टिकन का भाऊ?" तं हा मानूस खरंच विचारात पडते. आता सांगा, विचारात पडलेल्या दुकानदाराकडून कोन घेईन? म्हनून आठवडी बाजार सारे माझ्याकडे. घरात आमची बोली दखनी, पन बाजारात पाय ठेवला का जीभ आपोआप इकडली होते. अन् माझ्या जिभेले हाड नाई, हे माझे दुश्मन बी कबूल करते.

त्या वक्ताले मोठ्या गावाईत विजेचे खांब आले होते, पन लाईन पाहुनी आल्यासारखी येऊन जाये. जंगलातल्या टोल्यावर, त्या चार-दहा घराच्या वस्तीत, तं खांब बी नव्हते. तिथी चिमनीच चाले. आमची जुनी चिमनी बैठी होती, मुठीएवढी, तळ रुंद, झाकनाले आटे. पाय लागला तरी जाग्यावर गरगर फिरे, पडत नसे. तिची खोड एकच. तेल कमी मावे, म्हनून अर्ध्या रातीत इझे.

अन् इथीच मी माझी अक्कल पाजळली. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे ढिगानं पडून राहत. मी म्हनलं, बाटलीत तेल भरा, वर टिनाचं झाकन बसवा, झाकनातून वात काढा, झाली चिमनी. तेल दुप्पट मावते अन् टिन कमी लागते. खुर्शीदनं एक बनवून पायली अन् हातात घेऊन बसले.

"खैरुन, हे झाकन नुसतं दाबून बसते," ते म्हनले. "बाटली उंच आहे. कलंडली तं झाकन उडन, सारं तेल भायेर. आटे पाडाव लागन."

"कलंडन काऊन? लोकाईले हात नाई का?" मी म्हनलं. "आटे पाडत बसले तं दिवसभरात दोन होईन तुमच्यानं. बाजार परवा आहे."

ते विचारात पडले. मी त्याईच्या हातातली बाटली घेतली अन् पेटीत भरली.

अशी चालली ती चिमनी का बाप्पा! त्यात मले अजून एक गोष्ट सुचली. आमच्या इकडे बाळंतिनीच्या खोलीतला दिवा इझू देत नाई. गोंडाईच्या घरी लेकराची नाळ पडेपर्यंत, आमच्यात चाळीस दिवसाचा चिल्ला होयेपर्यंत. अंधारात लेकराजवळ काई वाईट येऊ नये म्हनून. जुनी चिमनी मधीच इझे, तवा घरातल्या कोनाले तरी उठून तेल भराव लागे. मंग मी बाजारात ओरडाले लागली, "बाळंतिनीची चिमनी घ्या वो बाई! एकदा भरा, कोंबडा आरवेपर्यंत जळते! सासूची झोप मोडत नाई, सुनेची झोप मोडत नाई!" बाया हसत अन् घेत. जिच्या घरी सून नाईतं पोरगी बाळंत व्हायची ती पयले माझ्याकडे ये. माझी मान ताठ झाली होती तवा, खोटं नाई सांगत.

मोहटोल्याची बुधरी माझी जुनी गिऱ्हाईक, अन् गिऱ्हाईकापेक्षा जास्त. गोंड बाई. बांबूच्या टोपल्या अन् चारोळी घेऊन मंगळवारच्या बाजाराले ये अन् माझ्याच ताडपत्रीच्या कोपऱ्यावर आपलं दुकान मांडे. माझा बिलाल रांगत होता तवा बाजारभर त्याले तीच पाहे. आता तो चंद्रपूरले गॅरेजात कामाले लागला, मिशा आल्या, तरी बुधरी मले विचारे, "माझं पोट्टं जेवते का नाई बरोबर?" माझ्या ओरडन्याची ती लय मजा घे. "खैरुनबाई," म्हने, "एक दिवस तुझी जीभच इकाले ठेव. टिनाच्या आधी ते जाईन."

थंडीचे दिवस होते. बाजार भरून राह्यला होता अन् इंदुताई माझ्या सावलीले येऊन टिनाच्या पेटीवर बसली. ही आरोग्याच्या एका संस्थेची बाई. महिनाभरापासून या टोल्यावरून त्या टोल्यावर फिरे अन् घरोघरी विचारपूस करे.

"काय वो ताई, काय विचारता घरोघरी?" मी म्हनलं. "भावासाठी पोरी पाहून राह्यल्या का?"

ती हसली. "कोणाला कुठं लागलं ते विचारते. वर्षभरात कोण पडलं, कोण जळालं, कोणाला साप चावला, कुऱ्हाड लागली."

"मंग वाघाचंच सांगत असन सारे."

"ज्या गावात वाघानं कोणाला कधी हात लावला नाही, तेही वाघाचं सांगतात," इंदुताई म्हनली. "अन् घरातलं कोणी सांगत नाही. मी विचारते, कोणाला लागलं का? म्हणतात, नाही बाई. अन् समोर लेकरू बसलेलं असते, हात कोपरापर्यंत जळालेला. हे काय मग? म्हणतात, ते तर असंच, चुलीत हात गेला होता. त्याला ते लागणं म्हणतच नाहीत."

मी तिच्यासाठी चहा बोलावला. चहा पेता पेता ती बोलत राह्यली. गडी मानसं झाडावरून पडते, कुऱ्हाडीनं पाय कापून घेते. बायाईले मोह वेचताना साप चावते, काऊन का त्या उजाडाच्या आधी निंगते. म्हातारे विहिरीच्या काठावर घसरते. अन् जळते कोन, तं बाया अन् लहान लेकरं, काऊन का आगीपाशी त्याईलेच राहाव लागते. "लोक म्हणतात नशीब," ती म्हनली. "पण नशीब असं काम पाहून, वय पाहून वाटत येते का?"

मले तिचं बोलनं पटलं. मी माना हालवून राह्यली होती अन् फडक्यानं बाटल्या पुसून राह्यली होती.

"पण एक गोष्ट मला कळून नाही राहिली, खैरुनबाई," ती म्हनली. "पहिले बाळंतीण बाई जळाली असं क्वचित ऐकायला यायचं. ती तर चुलीजवळ जातच नाही. आता मागच्या दोन हिवाळ्यांत ज्या टोल्यावर जावं तिथं बाळंतिणीच्या खोलीतच कोणी ना कोणी जळालं. बाई, नाहीतर तिच्याजवळ झोपलेलं मोठं लेकरू. असं काय बदललं असेल?"

काय बदललं ते माझ्या फडक्यात होतं. अल्ला कसम, मले त्याच घडीले कळलं, कोनी समजावून सांगाची गरज पडली नाई. कलंडली तं झाकन उडन, हे खुर्शीदचं बोलनं कानात वाजलं. दोन हिवाळे. मी बाळंतिनीची चिमनी म्हनून ओरडाले लागली त्याले दोनच हिवाळे झाले होते. इंदुताईच्या गुडघ्यापाशी बाटल्या मांडल्या होत्या, अन् तिचं ध्यान नव्हतं. मले सांगता आलं असतं. एवढी चुरुचुरु चालनारी माझी जीभ, अन् मी म्हनलं काय?

"कोनाले माहीत ताई. थंडी जास्त पडली असन."

ती चहाचा कप ठेवून गेली. अन् तितक्यात बुधरी आली, धावतच आली म्हना ना.

"नातू झाला, खैरुनबाई! सोमारीले पोरगा झाला!" सोमारी तिची सून. पयली पोरगी दिव्या, चार वर्साची, बाजारात आली का माझ्याकडून फुटाने घेतल्याशिवाय हालत नसे. "मले तुझी ते रातभराची चिमनी दे. साजरी पाहून दे."

माझ्या पेटीच्या तळाशी एक जुनी बैठी चिमनी होती. मले ते आठवलं. आठवलं नाई असं म्हनाले मले जागाच नाई. पन ते काढून देली असती तं बुधरीनं विचारलं असतं, बाटलीची काऊन नाई देत? अन् चार बाया आजूबाजूले उभ्या होत्या, चौघींच्या हातात बाटल्या. सांगाव का? त्याईच्या समोर? माझा हात पेटीकडे गेला नाई. मी बाटली उचलली अन् तिच्या टोपलीत ठेवली.

"पैसे नोको," मी म्हनलं. "नातवाची भेट. पन सांभाळून ठेवजो हं."

"आज तुझी जीभ बसली का वो?" बुधरी म्हनली. "एवढी चूप काऊन?"

"गळा दुखून राह्यला," मी म्हनलं.

तिनं मले आशीर्वाद देला. देला ना, भेट दिल्याबद्दल. तो मी घेतला बी.

पुढच्या मंगळवारी बुधरीचा कोपरा रिकामा होता. मी रस्त्याकडे पाहत बसली. मोहटोल्याची एक बाई येऊन मले म्हनली, "तुमाले नाई माहीत? बुधरीची नात जळाली. पोट्टी मायजवळ झोपली होती, झोपेत लात लागली चिमनीले. मांडीपासून पायापर्यंत गेलं. बाप इसरू सकाळी जंगलातून आला, त्यानं खांद्यावर घालून दवाखान्यात नेली. वाचली म्हना. सोमारीले झोप लागली होती, काय करतं, नशीब."

मी त्या दिवशी बाटल्या पेटीतून काढल्याच नाई. लोकं मागत, मी म्हनो, संपल्या. पन संपल्या म्हननं अन् घेऊ नोका म्हननं यात लय फरक आहे, हे मले कळत होतं. ज्याईच्या घरी होत्या त्या तं त्याईच्या घरीच जळत होत्या. तरी मी कोनाले काई सांगतलं नाई.

त्याच्या पुढच्या बाजाराले बुधरी आली. टोपल्या आनल्या नव्हत्या. वाळून गेली होती बाई. माझ्यापाशी बसली अन् तंबाखू बी काढला नाई.

"दिव्या कशी आहे?" मी विचारलं.

"घरी आनली. पट्ट्या बांधून देल्या. पट्टी सोडली का 'याया, याया' करते." याया म्हंजे त्याईच्या बोलीत माय. "पन ती जगन. माझा नातू नाई जगत, खैरुनबाई."

"त्याले काय झालं? त्याले बी लागलं का?"

"त्याले एक ठिनगी नाई लागली. सोमारी त्याले जवळ घेत नाई. पाजत नाई. म्हनते, मी झोपली अन् माझं लेकरू जळालं, याले घेतलं तं याले बी काई होईन. भिताडाकडे तोंड करून पडली राह्यते. लेकरू रडू रडू थकलं, आता रडत बी नाई. बकरीचं दूध कापसानं टाकून राह्यली मी, ते भायेर काढते." बुधरीनं पदर तोंडाले लावला. "अन् मी काय केलं, माहीत आहे? त्या दिवशी रागात मी तिले म्हनलं, तू झोपली काऊन? माय होय ना तू, झोपली काऊन? ते माझ्या तोंडातून गेलं. आता किती सांगतलं तरी ती आयकत नाई. गावातले म्हनते पेन कोपला. देव काऊन कोपन? मी बोलली ते मीच बोलली."

आता तरी तोंड उघडाव का नाई? नाई उघडलं. मी म्हनलं, "सगळ्याईलेच झोप लागते, बुधरीबाई." अन् तिले साखर बांधून देली. पावभर साखर! तौबा, त्या साखरेची मले आज बी शरम वाटते. तिनं ते पदराले बांधली अन् पाय ओढत गेली.

मी घरी आली तं खुर्शीद ओसरीवर बसले होते. बाजारात आयकलेलं कोनीतरी माझ्या आधी येऊन त्याईले सांगून गेलं होतं. समोर बाटलीची चिमनी, तेलाच्या जागी पानी भरलेलं. ते बोटानं तिले धक्का देत, ती कलंडे, झाकन उडे, पानी जमिनीवर पसरे. मंग ते उचलून पुन्हा भरत. पुन्हा धक्का देत. सारी ओसरी ओली झाली होती.

"बंद करा ते!" मी ओरडली.

"एकदा बी टिकलं नाई," ते म्हनले. "मी बनवली. माझ्या हातची चीज होय."

मी भांडाले तयार होती. त्याईनं म्हनाव, मी सांगतलं होतं तुले, अन् मी त्याईले दहा गोष्टी सुनवाव्या, असं मले पाह्यजे होतं. पन त्याईनं म्हनलंच नाई. उलट सारा दोष आपल्याच डोक्शावर घेऊन बसले. ते मले सहन झालं नाई.

"तुमी बनवली, पन तुमाले माहीत नव्हतं," मी म्हनलं. "मले माहीत होतं." अन् मंग मी त्याईले इंदुताईचं सारं सांगतलं. ती काय बोलली, मी काय बोलली, अन् ती उठून गेल्यावर त्याच घडीले मी बुधरीच्या टोपलीत काय ठेवलं. बोलता बोलता मी खाली बसली. ओल्यातच बसली.

या खेपेले खुर्शीद विचारात पडले नव्हते, मले पाहून राह्यले होते. पस्तीस वर्साच्या संसारात त्याईनं मले तसं कवा पायलं नव्हतं.

"लेकरू किती दिवसाचं आहे?" त्याईनं विचारलं.

"पंधरा-सोळा."

"मंग उद्याची वाट नोको पाहू. जाय."

दुपारची बस होती. बसनं फाट्यापर्यंत अन् तिथून पायी. मी पिशवीत एक बाटलीची चिमनी घेतली अन् चालली. वाटेत माझं मन मले शिकवून राह्यलं होतं. सरळ सांगाची काय गरज आहे? म्हन का चिमनी खराब निंगाली. म्हन का भंगारवाल्याची बाटली फुटकी होती. सोमारीचं मन मोकळं झालं म्हंजे झालं, बाकीचं कोनाले काय कराचं? असं मी मोहटोल्याची पयली घरं दिसेपर्यंत स्वतःशी बोलत गेली.

बुधरीच्या घरी सारे आतल्या खोलीत होते. सोमारी भिताडाकडे तोंड करून. तिच्या पाठीशी टोपल्यात लेकरू, सुपाएवढं बी नाई, डोळे मिटलेले. इसरू उंबऱ्यावर गुडघे धरून बसला होता. अन् खाटेवर दिव्या, एक पाय पांढऱ्या पट्टीत. तिनं मले ओळखलं.

"फुटाने आनले का?" ती म्हनली.

मी आनले नव्हते. ध्यानातच आलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेली तं ती हळूच, मायले आयकू जाऊ नये अशी, मले म्हनली, "माझा पाय लागला चिमनीले. मीच लात मारली. याया माझ्याशी बोलत नाई."

इसरू उंबऱ्यावरून म्हनला, "मी घरी नव्हतो. लाकडं तोडाले गेलतो. मी घरी असतो तं रातच्यानं चिमनी पाहाले उठलो असतो, हे झालंच नसतं."

बाप्पा, त्या घरात काय चाललं होतं! माझा गुन्हा त्याईनं आपसात वाटून घेतला होता. मायनं घेतला, सासूनं घेतला, बापानं घेतला, अन् चार वर्साच्या पोट्टीनं बी आपला हिस्सा घेतला होता. वाटेत जे शिकून आली होती ते सारं माझं मीच इसरली.

मी पिशवीतून चिमनी काढली. बुधरीले म्हनलं, पानी दे. बाटलीत पानी भरलं, झाकन दाबून बसवलं, अन् सोमारीच्या पाठीमागं जमिनीवर ठेवली.

"सोमारी, इकडे पाय," मी म्हनलं. ती हालली नाई. "माय, एकदा पाय. मंग तुले जे कराचं ते कर."

ती वळली नाई, पन मान थोडी फिरवली. मी चिमनीले बोट लावलं. जोरानं नाई. माश्या हाकलाले हात लागला असता तेवढंच. बाटली कलंडली, टन् करून झाकन उडालं अन् सारं पानी खाटेच्या पायापर्यंत गेलं. दिव्यानं पाय ओढून घेतला.

"हे तुझ्या झोपेनं नाई झालं," मी म्हनलं. "दिव्याच्या पायानं बी नाई. हे झाकन असंच आहे. याले आटे नाई. माझे घरवाले आटे पाडतो म्हनत होते, मीच नाई पाडू देले, जलदी इकाच्या होत्या म्हनून. तू जागी असती तरी ते उडलं असतं. तुझ्या हातानं लेकरू नाई जळालं, सोमारी. माझ्या हातानं जळालं. त्याले घे. तुझ्यात काई खोट नाई, त्याले घे."

सोमारी त्या झाकनाकडे पाहत राह्यली. तिनं हात लांब केला, झाकन उचललं, आतून बोट फिरवून पायलं. मंग बाटलीच्या तोंडावर ठेवून दाबलं अन् काढलं. पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं. तिच्या तोंडातून एक आवाज आला, रडन्याचा होय का कशाचा ते मले नाई समजलं. अन् मंग तिनं टोपल्यात हात घातला अन् लेकराले छातीशी घेतलं. लेकराले तोंड धराची बी ताकद नव्हती. तिनं दोन बोटानं दूध पिळून त्याच्या ओठावर टाकलं, टाकत राह्यली. अन् एकदाचं त्यानं तोंड उघडलं.

दिव्या म्हनली, "याया?" सोमारीनं मोकळा हात लांब केला अन् तिच्या डोक्शावर ठेवला.

मी समजली सुटली. अल्ला, सुटली. मी रडाले लागली अन् बुधरीच्या हाताले धरलं. तिनं हात काढून घेतला नाई. पन तिचे डोळे माझ्यावर होते.

"खैरुनबाई," ती म्हनली, "मले ते चिमनी देली त्या दिवशी तुझा गळा दुखत होता."

मी खाली त्या झाकनाकडे पाहाले लागली.

"त्या दिवशी तुले माहीत होतं का?"

हे तिनं हळूच विचारलं. नाई म्हनता आलं असतं. सोमारीचं काम झालंच होतं, लेकरू पिऊन राह्यलं होतं, एका 'नाई'नं कोनाचं काई बिघडलं नसतं. अन् बुधरी माझी राह्यली असती. पन तिच्या डोळ्यात पाहून माझ्या तोंडातून ते निंगालं नाई.

"हो," मी म्हनलं. "तू येच्या थोड्या आधी कळलं होतं."

तिनं तवा हात काढून घेतला.

मी वाट पायली. तिनं शिवी द्यावी, थोबाडीत माराव, गाव गोळा कराव. इसरू उठून उभा राह्यला होता, त्याच्या मुठी आवळल्या होत्या. बुधरीनं त्याले हातानंच बस म्हनलं. मंग ती मले म्हनली, "अशा अजून कोनाकोनाले देल्या?"

दोन हिवाळे मी ओरडून ओरडून इकल्या होत्या. कोन गावाची बाई होती, कोनाची सून बाळंत होती, मले काय ध्यानात राहे? गिऱ्हाईक गेलं का दुसरं ये. "मले माहीत नाई," मी म्हनलं.

"माझ्या शेजारी मनकीच्या घरी आहे. ती पाच दिवसाची बाळंतीन आहे," बुधरी म्हनली. "तिच्यापासून सुरू कर. इथी नोको बसू आता."

मी भायेर आली. तिनं माझ्यामागं बांबूची ताटी ओढून घेतली. आतून लेकराचा पेताना चटचट आवाज येत होता. तो आयकत मी घडीभर अंगनात उभी राह्यली, मंग शेजारच्या दारापाशी गेली. दार उघडंच होतं. आत अंधार होता अन् खाटेपाशी, दिवसाउजेडी, माझी बाटली जळत होती.

"मनकीबाई," मी हाक मारली. सारा बाजार दनानून सोडनारा माझा गळा, पन आवाजच निंगेना. मी पुन्हा हाक मारली.